बाईंचा हात, आजीचं टेबल

पत्र थोडक्यात असं:

‘आई जाऊन सव्वा महिना झाला. ३१ वर्षं तिने शाळेत चित्रकला शिकवली, निवृत्तीनंतरची १४ वर्षं नातवंडांत रमली. मागे दीड-दोनशे चित्रं, विद्यार्थ्यांच्या कागदांचे दोन गठ्ठे, नातवंडांच्या चित्रवह्या आहेत. तिचं टेबल अजून कुणी हलवलेलं नाही. दोन महिन्यांनी तिच्या वाढदिवशी सगळे जमणार आहोत. भाऊ म्हणतो, चांगली चित्रं लॅमिनेट करून भिंतीवर लावू. मला २४ पानांची स्मरणिका काढायची आहे आणि पाच मिनिटं बोलायचंही आहे. पण लिहायला बसले की “प्रेमळ, कष्टाळू, हसतमुख” यापुढे गाडी सरकत नाही. ११ वर्षांची भाची आजी गेल्यापासून पेन्सिल हातात धरत नाही. माझा ६ वर्षांचा मुलगा उलट आजीचे रंग माग माग मागतो. सुरुवात कुठून करू? – एक लेक’

आधी भावाला थांबवा. बाकीच्या चुका निस्तरता येतील, लॅमिनेशनची येणार नाही. गरम लॅमिनेशनमध्ये प्लॅस्टिकवरचा गोंद वितळून कागदाच्या तंतूंत शिरतो आणि तिथेच घट्ट होतो. तो पुन्हा सोडवायचा तर कागदही त्याच्यासोबत सुटतो. मेणखडू आणि ऑइल पेस्टल त्या उष्णतेने पसरतात. पोस्टर कलरचा जाड थर प्लॅस्टिकला चिकटून कागदावरून उचलला जातो. थंड लॅमिनेशनमध्ये उष्णता नसते, पण गोंद असतोच. भिंतीवर काही लावायची हौस असेल तर चित्राचा फोटो काढून चांगली प्रत छापा आणि ती प्रत खुशाल लॅमिनेट करा. मूळ चित्र नाही.

दुसरं काम आजच करा, पाच मिनिटांचं आहे. टेबलावर पाण्याच्या भांड्यात ब्रश उभे असतील तर बाहेर काढा. पाण्यात उभ्या ब्रशचं टोक कायमचं वाकतं, दांड्याचं लाकूड फुगून रंग सोलवटतो आणि केस धरून ठेवणारी धातूची पट्टी सैल होते. कोमट पाण्यात हलवून धुवा, बोटांनी टोक करा, आडवे वाळवा. बाकी टेबलावरचं काहीही उचलू नका. पॅलेट तर मुळीच धुऊ नका.

टेबल उचलण्याआधी त्याची नोंद व्हायला हवी. एक फोटो सरळ वरून, चारही बाजूंनी एकेक, प्रत्येक ड्रॉवर उघडून एक, मग जवळून पॅलेट, ब्रशांचं भांडं आणि रंग चाचपून पाहिलेले कागदाचे कपटे. हे कपटे बहुतेक घरांत पहिल्याच आवराआवरीत कचऱ्यात जातात, कारण ते कचऱ्यासारखेच दिसतात. पण एखादी छटा मनासारखी येईपर्यंत आई काय काय मिसळत होती, ते फक्त तिथेच दिसतं. न धुतलेल्या पॅलेटचंही तसंच आहे. पिवळे कुठे, निळे कुठे, कोणता खण पुन्हा पुन्हा भरून कडेला साचलाय, काळ्याचा खण कोरडा ठणठणीत आहे का, हे पाहा. चित्रकला शिकवणारे बरेच जण गडद छटेसाठी नळीतला काळा न वापरता अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) एकत्र करतात, कारण त्या काळ्याला खोली येते. आईच्या पॅलेटवर ते मिश्रण वाळलेलं सापडलं, तर ‘बाई काळा वापरू देत नसत’ ही विद्यार्थ्यांची आठवण पुराव्यासकट हाती लागेल. टेबल खिडकीच्या कोणत्या अंगाला आहे तेही टिपा. उजव्या हाताने काढणारा माणूस उजेड डावीकडून घेतो, म्हणजे स्वतःच्याच हाताची सावली कागदावर पडत नाही.

हे फोटो काढताना भाचीला सोबत घ्या. चित्र काढायला नाही, सांगायला. ‘ही डबी इथेच का असायची?’, ‘हा बोथट ब्रश कशाला?’ एवढंच विचारा आणि फोनवर आवाज ध्वनिमुद्रित करून ठेवा. तुम्हा भावंडांना हे माहीत नसणार. निवृत्तीनंतर त्या टेबलाशी आईसोबत बसली ती नातवंडं.

आता चित्रं. चांगली-वाईट अशी निवड आधी करू नका. माध्यमानुसार ढीग लावा, कारण प्रत्येक माध्यमाचं दुखणं वेगळं असतं. हात धुऊन नीट कोरडे करा. हातमोज्यांपेक्षा स्वच्छ बोटं बरी, मोज्यात कागदाची कड कळत नाही आणि ती फाटते. चित्र कोपऱ्याला धरून उचलायचं नाही, खाली मोठा पुठ्ठा सरकवून पुठ्ठ्यासकट उचलायचं. टाचण्या, स्टेपल आणि रबरबँड काढून टाका. सेलोटेप मात्र ओढू नका. टेप जुनी झाली की तिचा गोंद पिवळा पडून कागदात मुरलेला असतो आणि ओढल्यावर वरचा पापुद्रा घेऊन येतो. तशीच राहू द्या.

पोस्टर कलर ओळखायला सोपा: अपारदर्शक, मंद, हाताला किंचित पावडरी. त्यात रंगद्रव्य भरपूर आणि ते धरून ठेवणारा डिंक बेताचा, म्हणून जाड थर कालांतराने ठिसूळ होतो आणि गुंडाळी केली की तडकतो. घट्ट गुंडाळलेले जुने कागद एका झटक्यात उलगडू नका. रोज थोडे उघडा, कडांवर कोरा कागद ठेवून त्यावर वजन द्या, तीन-चार दिवस जाऊ द्या. पोस्टर कलर किंवा जलरंगावर ओलं फडकं फिरवणं म्हणजे चित्र पुसणं. दोन्ही पाण्याने पुन्हा विरघळतात. धूळ असेल तर मऊ, रुंद, कोरडा ब्रश, तोही रंग सुटत नसेल तरच.

जलरंगाचा शत्रू उजेड. गुलाबी, किरमिजी आणि काही जांभळ्या छटा आधी उडतात, आणि उडालेला रंग परत येत नाही. व्हॅन गॉगने १८८८ मध्ये रंगवलेल्या त्याच्या शयनकक्षाच्या भिंती मुळात जांभळट होत्या. त्यातला लाल उडाला आणि आज आपण निळ्या भिंती पाहतो. तैलरंगाची ही कथा, तर पातळ जलरंगाचं काय होत असेल! नाजूक कागदी चित्रांसाठी संग्रहालयं उजेड साधारण ५० लक्सवर ठेवतात, म्हणजे वाचताना थोडा कमी वाटेल इतका. घरात हे सांभाळणं जमत नाही. तेव्हा मूळ चित्र फोल्डरमध्ये, भिंतीवर प्रत. मूळच लावायचं असेल तर थेट ऊन न पडणारी भिंत निवडा, काच आणि चित्र यांच्यात माउंटची, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीची, जाडी राहू द्या (काचेला टेकलेलं चित्र दमटपणात तिला चिकटतं) आणि दर तीन-चार महिन्यांनी चित्र बदला. स्केचपेनची चित्रं तर जलरंगापेक्षाही लवकर फिकी पडतात. नातवंडांच्या वह्या बहुतेक स्केचपेननेच भरलेल्या असतील, त्या बंद ठेवा.

पेस्टल आणि कोळशाची चित्रं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालू नका. प्लॅस्टिकवरची स्थिर वीज भुकटी ओढून घेते आणि पिशवीच्या आतल्या बाजूला चित्राचा आरसा उमटतो. प्रत्येक चित्रावर ग्लासिन नावाचा गुळगुळीत पातळ कागद ठेवा आणि वर वजन ठेवू नका. आता फिक्सेटिव्ह (भुकटी कागदावर धरून ठेवणारं द्रावण) फवारायचा मोहही टाळा. छटा गडद होते, आणि फवाऱ्याचा एक टपोरा थेंब पडला की डाग कायमचा. कॅनव्हास उभे ठेवा, पाठीला पाठ आणि तोंडाला तोंड लावून. मध्ये पुठ्ठा हवा, मागून कशाचाही कोपरा टोचता कामा नये, नाहीतर कापडाला पोक येतं. ॲक्रिलिकचा थर उष्णतेत मऊ पडतो, दोन चित्रं एकमेकांना चिकटतात. आईने शेवटच्या वर्षात तैलचित्र केलं असेल तर त्यावर व्हार्निश मारायची घाई नको. तेलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही, हवेतल्या प्राणवायूशी संयोग होऊन घट्ट होतो. वरून कोरडा लागला तरी जाड थराला सहा महिने ते वर्ष लागतं. बटाट्याची फोड चोळून तैलचित्र साफ करण्याचा सल्ला कुणी ना कुणी देईलच. त्यांना चहा पाजा आणि विषय बदला.

साठवणीचं थोडक्यात: आम्लरहित कागदाचे फोल्डर, ते सपाट पेटीत, पेटी घराच्या आतल्या भिंतीजवळ. माळा नको, तापतो. बाहेरची भिंत नको, ओल धरते. मध्ये वर्तमानपत्र नको. त्यातलं लिग्निन (लाकडातला एक घटक) पिवळं पडतं आणि आम्ल शेजारच्या कागदाला देतं. डांबरगोळ्याही नकोत, त्यांची वाफ काही प्लॅस्टिकना मऊ करते आणि माणसांनाही बरी नाही. पीव्हीसीच्या चिकट वासाच्या पिशव्या टाळा, पॉलिप्रॉपिलीन चालतं. एखाद्या कागदावर बुरशी दिसली तर तो लगेच वेगळा करा, मास्क लावा, सावलीत वारा लागेल असा वाळवा आणि पुरता कोरडा झाल्यावरच मऊ ब्रशने बाहेरच्या दिशेने झटका. ओल्या बुरशीला हात लावला की ती झटकली जात नाही, माखली जाते.

प्रत्येक चित्राला क्रमांक द्या: मागच्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात, २बी पेन्सिलने, कागद टणक पृष्ठभागावर ठेवून, हलक्या हाताने. बॉलपेन नको, त्याचा ठसा पुढे उमटतो. एका वहीत क्रमांक, माध्यम, उंची आणि रुंदी सेंटिमीटरमध्ये (आधी उंची), वर्ष आणि मागे आईने लिहिलेलं जे काही असेल ते जसंच्या तसं. मागची बाजू जरूर पाहा. शिक्षक माणूस कोरी पाठ वाया घालवत नाही. तिथे वेळापत्रक सापडेल, रंगांची यादी सापडेल, एखाद्या मुलाचं नाव आणि त्यापुढे प्रश्नचिन्हही सापडेल. वर्ष ठाऊक नसेल तर ‘साधारण’ लिहून अंदाज द्या. सही नसलेल्या चित्रावर आईची सही करू नका, कितीही हुबेहूब जमत असली तरी.

फोटोंचं गणित आधी मांडा. एका चित्राला नीट फोटो, क्रमांक आणि नोंद धरून तीन मिनिटं लागतात. २०० चित्रांना १० तास. दोन महिन्यांत हे होईलही, पण वाढदिवसासाठी आता ३० चित्रं पुरेत. ढगाळ दिवस किंवा ऊन न येणारी खिडकी शोधा, घरातले दिवे बंद करा. दिव्याचा पिवळा आणि खिडकीचा निळसर उजेड एकत्र आला की पांढरा कागद एका कडेला पिवळा, दुसऱ्या कडेला निळा दिसतो आणि ते नंतर सुधारता येत नाही. फ्लॅश बंद. चित्र भिंतीवर सपाट, फोन चित्राच्या बरोबर मध्याच्या उंचीला आणि चित्राला समांतर. फोन जवळ नेऊ नका, मागे सरकून दुप्पट झूमची लेन्स वापरा. जवळून घेतलं की चौकट फुगते. कडेला कोऱ्या पांढऱ्या कागदाची पट्टी ठेवा, रंग जुळवायला उपयोगी पडते. काचेतलं चित्र बाहेर काढता येत नसेल तर फोनच्या मागे काळं कापड धरा, काचेत तेच दिसेल, तुम्ही दिसणार नाही. पूर्ण ए-४ पान ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) छापायला २४८० × ३५०८ पिक्सेल लागतात, म्हणजे साधा १२ मेगापिक्सेलचा फोन पुरतो. फक्त फोटो व्हॉट्सॲपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवला की तो आक्रसतो आणि छापखान्यात धूसर येतो. सगळ्याच्या तीन प्रती ठेवा, त्यातली एक दुसऱ्या घरात.

कोणती ३०? इथे बहुतेक कुटुंबं घसरतात. चौकटीतली निसर्गचित्रं तेवढी निवडतात. डोंगर, नदी, झाड आईचं असलं तरी ते इतर शेकडो जणांच्या डोंगर-नदी-झाडासारखंच दिसतं. तिचं एकटीचं जे आहे ते त्या दोन गठ्ठ्यांत आहे, विद्यार्थ्यांच्या कागदांवर. एखादं स्थिरचित्र काढा आणि समास पाहा. मुलाने घागर काढलेली असेल. तोंडाचा लंबगोल दोन्ही टोकांना डोळ्यासारखा टोकदार, बूड पट्टीने आखल्यासारखं सरळ. ही चूक जवळजवळ प्रत्येक मूल करतं, कारण घागरीचं बूड जमिनीला सपाट टेकतं हे त्याला माहीत असतं आणि तो दिसतं ते न काढता माहीत असतं ते काढतो. समासात बाईंच्या हाताची बोटभर घागर असेल. लंबगोलाची टोकं गोलाईने वळलेली, बुडाची वक्ररेषा तोंडापेक्षा जास्त भरीव, कारण नजरेच्या पातळीपासून जितकं खाली जावं तितका लंबगोल उघडत जातो. मुलाच्या चित्रावर रेघ नाही, खोडाखोड नाही, दुरुस्ती कडेला. किंवा उलट असेल: मुलाच्या रेघेवरच ठाम, जाड रेघ ओढलेली. दोन्ही शिक्षकच, पण माणसं वेगळी. तुमची आई यांपैकी कोण होती ते गठ्ठ्यातले ४० कागद पाहून कळेल, आणि पाच मिनिटांच्या भाषणाचा कणाही तोच असेल.

मग नातवंडांच्या वह्या शेजारी ठेवा. वर्गातली दुरुस्तीची पद्धत घरी टिकली का? बऱ्याच शिक्षिका निवृत्तीनंतर बदलतात. वर्गात लंबगोलावर अडून बसणारी बाई नातवाच्या सहा पायांच्या हत्तीला हात लावत नाही. वहीत दुरुस्ती नसणं हीही नोंदच आहे. तारखा मात्र सापडतील. चित्रकलेच्या बाईंना तारीख घालायची खोड असते, आणि तारखेशेजारी मूल काय बोललं तेही त्या टिपून ठेवतात.

विद्यार्थ्यांकडे आणि सहकाऱ्यांकडे आठवणी मागणार असाल तर ‘बाईंबद्दल चार शब्द लिहा’ म्हणू नका. चाळीस उत्तरं येतील आणि चाळिसांत ‘बाई फार प्रेमळ होत्या’. उत्तर देता येईल असं विचारा. ‘बाईंचं वर्गातलं कोणतं वाक्य तुम्ही अजून म्हणता?’ ‘त्यांनी तुमच्या चित्रातलं काय बदलायला लावलं?’ ‘तुमच्या हाताला त्यांची कोणती सवय लागली?’ एवढे तीनच पाठवा, ‘दोन ओळी पुरे, बोलून पाठवलं तरी चालेल’ असं लिहा आणि दहा दिवसांची मुदत द्या. मुदत नसली की कुणी पाठवत नाही. कुणी सांगेल, हात लांब ताणून, एक डोळा मिटून, पेन्सिलीवर अंगठा सरकवत माप घ्यायला शिकवलं. कोपर वाकलं की माप चुकतं म्हणून बाई कोपराला टिचकी मारायच्या. असं एक उत्तर वीस विशेषणांना भारी. सुतार, शिंपी, नर्स झालेल्यांना आवर्जून विचारा. चित्रकार झालेले काय ते ठराविक बोलतील. बाकीच्यांकडे ती सवय भलत्याच ठिकाणी वापरली गेलेली सापडते. आणि गठ्ठ्यातले कागद ज्यांचे आहेत त्यांना मूळ परत द्या, स्वतःकडे फोटो ठेवा. छापायचं असेल तर त्यांना विचारून.

भाषण. भरल्या गळ्याने माणूस हळू बोलतो, पाच मिनिटांत साडेचारशे-पाचशे शब्द पुष्कळ. ते लिहूनच काढा, मोठ्या अक्षरात, ओळींत अंतर सोडून, कागदावर. फोनच्या पडद्यावर ओल्या डोळ्यांना ओळ सापडत नाही. जन्म, शिक्षण, नोकरी, निवृत्ती हा क्रम स्मरणिकेच्या एका चौकटीत जाऊ द्या, भाषणात नको. समोर बसलेल्यांना तो पाठ आहे. एका गोष्टीपासून सुरुवात करा. ‘आई अत्यंत शिस्तप्रिय होती’ याऐवजी असं काहीसं: ‘आमच्या घरात पेन्सिलला टोक शार्पनरने करायला बंदी होती. ब्लेडने, लांब टोक, आणि शिसं बोटभर बाहेर. का, ते तिने कधी सांगितलं नाही. आडवी धरली की त्याच पेन्सिलने छटा देता येते, हे मला तिसाव्या वर्षी कळलं.’ अर्थात हा नमुना आहे, तुमच्या घरात जे खरं तेच घ्या. एक दोषही असू द्या, समोरच्यांना आधीच ठाऊक असलेला आणि ज्यावर ते हसू शकतील असा. तापटपणा, उशीर, पाहुण्यांची भिंतीवरची तसबीर सरळ करत सुटणं. दोष नसलेलं माणूस कुणालाच ओळखू येत नाही. मात्र घरातलं जुनं भांडण तिथे मिटवायला जाऊ नका. ‘कधीही न भरून येणारी पोकळी’ हे शब्द आले की खोडा; ते कुणाहीबद्दल म्हणता येतात. मोठ्याने तीनदा वाचा. जिथे तिन्ही वेळा आवाज फुटतो ते वाक्य शेवटाकडे न्या, सुरुवातीला असेल तर पुढचं काही बोलता येणार नाही. एक प्रत भावाच्या खिशात ठेवा.

स्मरणिकेची २४ पानं म्हटलंत ते बरं केलंत. मध्ये स्टेपल मारायच्या पुस्तिकेची पानं चारच्या पटीत लागतात. २२ झाली तर दोन कोरी निघतील. आत १३० ते १७० जीएसएमचा (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा) मॅट कागद घ्या, चकचकीत नको, दिव्याखाली चित्र दिसत नाही, दिवाच दिसतो. मुखपृष्ठ २५० ते ३०० जीएसएम. चित्र पानाच्या कडेपर्यंत जाणार असेल तर चहूबाजूंनी ३ मिलिमीटर जादा सोडा, कापताना पातं थोडं सरकतंच. पडद्यावरचा झळझळीत निळा आणि हिरवा छपाईत मंद पडतो, म्हणून एक पान छापून मूळ चित्राशेजारी ठेवून पाहा, मगच पुढचं. पानं अशी वाटता येतील: दोन पानं ओळख आणि जीवनक्रम, आठ पानं तिची चित्रं (पानाला एक, दोन नकोत), सहा पानं विद्यार्थ्यांचे कागद आणि त्यांच्या दोन-दोन ओळी, चार पानं नातवंडांच्या वह्या, दोन पानं टेबल. उरलेल्या दोन पानांवर तिचं हस्ताक्षर मोठं करून. बाईंचं अक्षर बघायला लोक थांबतात. जुने रंगीत फोटो लालसर झाले असतील, त्यातला निळसर रंग अंधारातही विरत जातो. स्कॅन करून थोडे सुधारा, पण चेहरे गुळगुळीत करणारी सोय वापरू नका. मजकूर युनिकोडमध्ये द्या आणि छापखान्याकडून कच्ची प्रत कागदावर मागा. जुन्या फॉन्टमध्ये बदलताना ‘दुसऱ्या’मधला अर्धा र आणि ‘ॲ’ हमखास मोडतात. नावांची यादी एकाने मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने प्रतीवर बोट ठेवायचं. चुकलेलं नाव माणूस वर्षानुवर्षं विसरत नाही.

मुलाला आजीचे रंग द्या, पण चाळून. जुन्या नळ्यांवरची बारीक अक्षरं वाचा. फ्लेक व्हाइट म्हणजे शिसं, क्रोम यलो म्हणजे शिसं आणि क्रोमियम, खरा व्हर्मिलियन म्हणजे पारा, कॅडमियमची नावं तर सरळ लिहिलेली असतात. हे आणि टर्पेंटाइन, फिक्सेटिव्ह, ब्लेड मोठ्यांकडे. जलरंगाच्या सुकलेल्या वड्या पाण्याचे दोन थेंब टाकून दहा मिनिटं ठेवल्या की जिवंत होतात, त्यांच्यावर ‘मुलांसाठी’ असं लेबल असेल तर त्याला द्यायला उत्तम. पोस्टर कलरच्या बाटलीला कुबट वास येत असेल तर टाकून द्या. त्याला एक ब्रश द्यायचा तर झिजलेला द्या, आजीच्या हाताने झिजलेला. नवा कोरा कुठेही मिळतो. आजी कुठे गेली असं त्याने विचारलं तर ‘झोपली’, ‘गावाला गेली’ म्हणू नका. सहा वर्षांचं मूल शब्द धरून ठेवतं, मग त्याला झोपायची भीती वाटते. ‘आजी वारली, तिचं शरीर थांबलं, ती परत येणार नाही’ एवढं सरळ सांगा आणि तो पुन्हा पुन्हा विचारील तेव्हा पुन्हा पुन्हा तेच सांगा.

भाचीला ‘आजीसाठी एक चित्र काढ’ हे कुणालाही म्हणू देऊ नका. स्मरणिकेच्या मुखपृष्ठासाठी तर नकोच. चित्र हा तिचा आणि आजीचा दोघींचा उद्योग होता. त्यातली एक उठून गेली आहे, आणि उरलेलीला लोकांपुढे एकटीने तो करून दाखवायला सांगणं निर्दयपणा आहे. तिला हाताला काम द्या: क्रमांक घालणं, मापं घेणं, कोणतं चित्र कधीचं ते सांगणं. चित्रांना हात लागू दे. पेन्सिल तिची ती उचलेल, कदाचित या वर्षी नाही. शाळा, झोप, जेवण सगळंच बिघडलं असेल आणि महिन्यांमागून महिने तसंच राहिलं, तर मुलांच्या समुपदेशकाला भेटा.

बोर्डवर अर्धं राहिलेलं चित्र असेल तर ते कुणीही पुरं करायचं नाही, भाचीनेही नाही. कागद ओला करून चारी बाजूंनी डिंकाच्या पट्टीने ताणलेला असेल तर तो बोर्डवरच राहू द्या. कापायचाच झाला तर आधी एक बाजू, मग तिच्या समोरची, मग उरलेल्या दोन. लागोपाठच्या बाजू आधी कापल्या की एकीकडचा ताण सुटून कागद कोपऱ्यातून फाटू शकतो. वर ग्लासिन घाला. मागे पेन्सिलने क्रमांक, तारीख, आणि त्यापुढे ‘अपूर्ण’.